राग जाईपर्यंत पाटावर

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. आपण आपले भलत्याच कामाला गेलेलो असतो आणि घरी येताना पिशवीत भाजीबरोबर एखादा किस्सा येतो. माझ्याकडे असे बरेच आहेत, कारण मी वर्षानुवर्षं लोकांच्या घरात काय चालतं ते ऐकायच्याच कामावर होते. माझी आई याला भोचकपणा म्हणायची. मी नोकरी म्हणायचे!

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. मी नुकतीच बी.ए. झालेले, विषय मानसशास्त्र, लग्न होऊन डोंबिवलीत आलेले. ठाण्याच्या सबनीस मॅडम लहान मुलांच्या मानसतज्ज्ञ. त्यांनी परदेशात जाऊन एक शिक्षण घेतलं होतं. ज्यांची मुलं फार त्रास देतात, मारतात, चावतात, लोळण घेतात अशा आईवडिलांना एकत्र बसवायचं आणि शिकवायचं. मुलांना नाही, आईवडिलांना! डोंबिवली पश्चिमेला एका बालवाडीची खोली शनिवारी दुपारी मिळाली. माझं काम होतं बाक लावणं, चहा सांगणं आणि मॅडमचं पुस्तकी बोलणं सोपं करून सांगणं.

बाक अर्थातच बालवाडीचे. मोठी माणसं त्यावर बसली की गुडघे हनुवटीला टेकायचे. मॅडम म्हणायच्या, "असू दे. मुलांना जग कसं दिसतं ते कळेल."

* * *

पहिल्या शनिवारी मॅडमनी परदेशातून आणलेली मोठमोठी चित्रं भिंतीला लावली. एका चित्रात एक गोरा मुलगा रागाने लाल झालाय आणि आई शांतपणे बोट दाखवतेय. मॅडमनी सांगितलं, "ही आई मुलाला सांगतेय, राग शांत होईपर्यंत तू तुझ्या खोलीत जाऊन बस."

मग केळकरांनी हात वर केला. केळकर ठाण्याला कचेरीत कारकून, त्यांची मुग्धा चार वर्षांची आणि हट्टाला पेटली की जमिनीवर डोकं आपटणारी.

"मॅडम, एक शंका. आमच्याकडे मुलीला खोलीत पाठवलं तर आम्ही उरलेल्या माणसांनी जायचं कुठे?"

सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण ते चित्र त्यांनी उतरवून ठेवलं, आणि मला म्हणाल्या, "हे सगळं नव्याने शिवायला लागणार गं."

त्याच दिवशी कुंदाची ओळख झाली. कुंदा खाडीकडच्या कोळीवाड्यातली, बाजारात मासळी विकायला बसायची. नवरा बोटीवर. मुलगा जितू, साडेचार वर्षांचा, चावरा. बालवाडीतल्या मुलांना चावून झालं, शेजारच्यांना चावून झालं, शेवटी बालवाडीच्या बाईंनी हात जोडले.

"माझी नणंद उरणला हाय," कुंदा म्हणाली. "तिला दोन पोरी. ती बोलते, दे मना पोऱ्या, मी वळण लावते. सासूनं सांगितलंय, शिमग्यापर्यंत बघीन. नाय सुधारला तर शिमग्याला ती येईल नि घेऊन जाईल." मग जरा थांबून म्हणाली, "मना माझा पोऱ्या द्यायचा नाय."

दिवाळी नुकतीच झाली होती. मी मनातल्या मनात शिमग्यापर्यंतचे शनिवार मोजले. फार नव्हते.

* * *

दुसऱ्या शनिवारी कुंदाबरोबर तिची सासू आली. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात छत्री. सगळा कोळीवाडा तिला आये म्हणायचा, आम्हीही तेच म्हणायला लागलो. आये दारातच उभी राहून म्हणाली, "पोऱ्या चावतो नि शाळा आयशीला? हे कंचं डॉक्टर?"

वर्ग फक्त आईवडिलांचा, असं मॅडमच्या परदेशी फाइलमध्ये लिहिलेलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी उठून स्वतःची खुर्ची, म्हणजे वर्गातली एकमेव मोठी खुर्ची, आयेला दिली.

मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, "घरातला हुकूम कोणाचा चालतो ते बघितलंस ना? मग शिकवायचं कोणाला?"

आयेने त्या दिवसापासून एकही शनिवार चुकवला नाही. यायची, खुर्चीत बसायची आणि हाताची घडी घालून नापसंतीच्या चेहऱ्याने सगळं ऐकायची.

* * *

मग आला कौतुकाचा धडा. मूल चांगलं वागलं की लगेच, मोठ्याने, त्याच्या तोंडावर सांगायचं. सगळ्यांना वाटलं, एवढंच ना, सोपं आहे!

केळकरांनी घरचा अभ्यास पुढच्याच दिवशी केला. मुग्धाने चपला जागेवर ठेवल्या. केळकर चाळीतल्या आपल्या खोलीत उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "शाब्बास मुग्धा! वा! कमाल केलीस!"

त्या घरातून असा आवाज कधी आलेला नव्हता. पाच मिनिटांत निम्मी चाळ दारात. "काय हो केळकर, कसला निकाल लागला? पेढे कुठेत?" केळकरांना चपलांचं कारण सांगायची लाज वाटली. खाली जाऊन पाव किलो पेढे आणले आणि वाटले! मुग्धाला मात्र चपला आणि पेढे यांचा संबंध पक्का कळला. पुढचा आठवडाभर ती शेजाऱ्यांच्यासुद्धा चपला लावत होती.

केळकरांचा दुसरा प्रश्न हाताचा. रागात हात पटकन उठायचा. मॅडमनी सांगितलं, "राग आला की दोन्ही हात खिशात." पुढच्या शनिवारी मिसेस केळकर तक्रार घेऊन आल्या. "हे घरी पंचा नेसतात. पंच्याला खिसा कुठला? आता ऑफिसातून आले तरी रात्री झोपेपर्यंत पँट घालूनच बसतात. विचारलं तर म्हणतात, काय सांगावं, लागेल!"

पण कौतुकाची खरी अडचण आयेने काढली. "पोराच्या तोंडावर चांगला बोलायचा? दृष्ट लागते. मग रातभर रडतो, त्याला तुम्ही येणार हाव काय मीठमोहऱ्या उतरायला?"

यावर फाइलमध्ये काही नव्हतं. मॅडमनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "आये, पोराला चांगलं म्हणू नका. त्याने जे केलं त्याला म्हणा. त्याने ताट उचललं, तर ताट छान उचललं म्हणा."

आयेने विचार केला.

"हां," आये म्हणाली. "ताटाला लागली दृष्ट तर लागूदे."

* * *

दुर्लक्षाचा धडा सावंतबाईंनी गाजवला. त्यांचा मुलगा पप्पू. चॉकलेट नाही म्हटलं की गॅलरीत लोळून असा ओरडायचा की रस्त्यावरची माणसं वर बघायची. मॅडम म्हणाल्या, "कुठे लागलं नाहीये एवढं बघा, आणि मग बघूच नका. आपलं काम करत राहा."

सावंतबाईंनी मन घट्ट केलं आणि तांदूळ निवडत बसल्या. पण चाळ कशी बसेल? एक काकू गूळ घेऊन आल्या, एक आजी पाणी घेऊन आल्या, आणि शेजारच्या राणेकाकू पप्पूला उचलून सावंतबाईंना म्हणाल्या, "कसली आई गं तू? दगड आहेस की काय?"

सावंतबाई शनिवारी रडायलाच लागल्या. "मॅडम, मी एकटी दुर्लक्ष करून काय उपयोग?"

मॅडमनी मला विचारलं, "परदेशी चित्रांत शेजारी कुठे आहेत गं?" मी सगळी चित्रं चाळली. एकात कुत्रा होता. शेजारी नव्हते.

मग राणेकाकूंना बोलावलं. त्या पदर खोचून, भांडायच्या तयारीने आल्या. मॅडमनी त्यांच्यावर कामच सोपवलं. "राणेकाकू, पप्पू रडला की चाळीत कोणी हलायचं नाही, हे तुम्ही बघायचं. तुमचं ऐकतात सगळे." झालं! राणेकाकूंना असं अधिकाराचं काम आयुष्यात मिळालं नव्हतं. पप्पूने सूर लावला की त्या गॅलरीत उभ्या राहायच्या आणि डोळ्यांनीच सगळ्यांना आत पाठवायच्या.

एका दुपारी पप्पू ओरड ओरड ओरडला. कोणी येईना. दमून उठला, कपडे झटकले आणि राणेकाकूंच्या दारात जाऊन कडी वाजवली.

"काकू," तो म्हणाला, "मी रडतोय ना!"

* * *

खेळाचा दिवस मला विसरता येत नाही. त्या शनिवारी मुलांनाही आणायचं होतं. नियम असा की थोडा वेळ मूल जे म्हणेल ते खेळायचं, हुकूम मुलाचा, मोठ्यांनी फक्त ऐकायचं.

जितू आला आणि पहिल्यांदा कोपऱ्यात जाऊन सगळ्यांकडे बघत उभा राहिला. मी त्याच्या दातांकडे बघत होते, खोटं कशाला बोलू! मग त्याने दाराबाहेर काढलेल्या सगळ्यांच्या चपला आत आणल्या आणि ओळीने मांडल्या. लहान चपला एकीकडे, मोठ्या एकीकडे. मागे उकिडवा बसला. मासळीबाजार!

मॅडम कौतुकाने गिऱ्हाईक झाल्या. एक सँडल उचलून नाकाशी नेली. "ताजी आहे का?"

"ए बाय!" जितू कडाडला. "वास काय घेतेस? घ्यायचं तर घे नाय तर फुडं चल! सकालधरून भोनी नाय नि आली वास घ्यायला!"

वर्ग हसून लोटपोट. एकटी कुंदा हसेना. तिचा चेहरा लाल झालेला. हळूच मला म्हणाली, "ताई, हे माझं बोलणं हाय. सगळंच्या सगळं. तो बाजारात माझ्या बाजूलाच बसलेला असतो."

मॅडमनी तिला पुढे केलं. "आता तुम्ही गिऱ्हाईक. तो सांगेल तसं."

कुंदा आपल्याच पोराच्या समोर बसली. त्याने तिला एकेक चप्पल दाखवली, भाव सांगितला, ती ऐकत राहिली. घासाघीस केली नाही. त्याने दिली ती घेतली. जितूचा आवाज हळूहळू खाली आला. शेवटी केळकरांचा कोल्हापुरी जोड तिच्या मांडीवर ठेवून तो म्हणाला, "ही ने. पैशे नको. तू माझी रोजची हायस."

कुंदाने पदराने तोंड पुसलं. आये खुर्चीवरून खिडकीबाहेर बघत होती. मला तेव्हा फार वाटलं की हा पोरगा कुठेही जाऊ नये. आपल्याला असं वाटून काही होत नसतं, पण वाटलं.

* * *

आता पाटाचा किस्सा. यासाठीच मी एवढं सगळं सांगत आणलं.

मूल फारच चिडलं, मारायला चावायला लागलं, तर त्याला थोडा वेळ एका जागी शांत बसवायचं, हा शेवटचा धडा. परदेशात त्यासाठी खास खुर्ची. आमच्याकडे खुर्ची म्हणजे पाहुण्यांची. कोपरा म्हणावं, तर एका कोपऱ्यात देव, एकात पाण्याचं पिंप, एकात गाद्यांची चळत आणि चौथ्यात आजोबा! बरीच चर्चा झाली. मग सावंतबाई म्हणाल्या, "पाट तर सगळ्यांकडे असतो."

मॅडम खूश. पाट ठरला. किती वेळ बसवायचं? फाइलमध्ये घड्याळ लावून मिनिटं दिलेली. आये म्हणाली, "राग घड्याळ बघून जातो काय?" तेही पटलं. मग नियम असा झाला की पाटावर बसलेल्याशी कोणी बोलायचं नाही, त्याला उठवायचं नाही. राग गेला की ज्याचा त्याने उठायचं. राग गेला की नाही हे फक्त बसणाऱ्याने सांगायचं.

पुढच्या शनिवारी मॅडमनी उत्सुकतेने विचारलं, "जितूला बसवलंत पाटावर?"

"बसवला," कुंदा म्हणाली आणि सासूकडे बघायला लागली.

"मग?"

आये म्हणाली, "मग काय, मी फुडं ताट ठेवलं. भात नि बोंबलाचं कालवण."

मॅडम उडाल्याच. "आये! तो चावला होता म्हणून बसवला होता ना? मग जेवायला कसं वाढलंत?"

आता आये उडाली. "पोर पाटावर बसलाय नि त्याच्या फुडं कायच नाय ठेवायचं? आमच्यात पाटावर बसलेल्याला उपाशी उठवत नाय. अभद्र असतंय ते!"

बघा, कोणाचं काय चुकलं? पाटावर माणूस बसतो तो जेवायला, ओवाळून घ्यायला, लग्न लावायला. शिक्षा म्हणून कोणी कधी बसलाय? आम्ही एवढ्या शिकलेल्या बायका, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाकीच्यांना विचारलं तर केळकरांच्या आईने मुग्धाच्या पाटाभोवती रांगोळी काढली होती!

"बरं, जेवून जितूने काय केलं?" मॅडमनी थकून विचारलं.

"हात धुतला नि झोपला."

शेवटी तडजोड झाली. ताट नाही, पण पाण्याचा तांब्या चालेल. पाटावर बसलेल्यापुढे भरलेला तांब्या ठेवायचा आणि गप्प बसायचं. मॅडमनी हे सगळं लिहून घेतलं आणि मला म्हणाल्या, "ज्यांनी मला शिकवलं त्यांना हे कसं कळवू गं?"

शिमगा जवळ आला. एका शनिवारी कुंदा धापा टाकत आली. "मॅडम, काल जितू स्वतःच पाट घेऊन बसला!"

"कोणाला चावला?"

"कोणाला नाय! तेच तर सांगतेय. चावायच्या आधीच बसला. तांब्या पण त्यानंच भरून घेतला."

मॅडमनी आयेकडे बघितलं. आये म्हणाली, "एक दिवस बसला म्हणून काय झालं? मी उरणच्या पोरीला शब्द दिलाय. सगळ्या वाड्यासमोर दिलाय. शब्द कसा फिरवू?"

त्या दिवशी कुंदा चहाला थांबली नाही.

* * *

होळीच्या दुसऱ्या दिवशी कुंदाने मला आणि मॅडमना घरी बोलावलेलं. जेवायला म्हणून, पण खरं कारण आम्हाला माहीत होतं. घरासमोर अजून होळीची राख गरम. आत उरणची नणंद येऊन बसलेली. जितूसाठी नवा शर्ट आणलेला, जिलेबी आणलेली. बाई मनाने वाईट नव्हती, मला तर तिचा राग धरायला काही सापडेना. जितूच्या कपड्यांची पिशवी दाराशी ठेवलेली होती. कुंदा सगळ्यांना वाढत होती आणि कोणाकडेही बघत नव्हती.

जेवणं झाली. नणंद उठली. "आये, पोराला कुंकू लाव नि दे. शीळफाट्याला पनवेलची गाडी गाठायची हाय, तिथून फुडं उरणची शेवटची." त्या घरातलं पोर बाहेरगावी निघालं की आये त्याच्या कपाळाला कुंकू लावायची, हातात नारळ द्यायची. त्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नसे.

आये कुंकवाची डबी घेऊन उभी राहिली. सगळे जितूकडे बघत होते. आता हा चावणार, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. मी आपली माझी मनगटं पदरात घेतली. जितू भिंतीला पाठ लावून उभा, मुठी आवळलेल्या.

तेवढ्यात नणंद कुंदाला म्हणाली, सहजच म्हणाली, "वैनी, तुला नाय जमला ना, मी करते बघ ह्याला सरळ."

आणि आये फुटली! "कोणाला नाय जमला? तू बघायला होतीस? शनिवारच्या शनिवार ती डोक्यावरची पाटी उतरून त्या शाळेत बसली, तू होतीस? आली मोठी सरळ करणारी!" मग कुंदावर, "नि तू! तोंड शिवलंय काय तुझं? नाय द्यायचा तर बोलत का नाय?" मग आमच्याकडे वळली. आमचाही उद्धार झाला. डबी हातातून पडली, कुंकू जमिनीवर. तरी आयेचा आवाज थांबेना.

जितू भिंतीपासून हलला. स्वयंपाकघरात गेला. पाट ओढत आणला आणि आयेच्या पायाशी ठेवला. परत गेला, तांब्या भरून आणला, दोन्ही हातांनी धरून, सांडत सांडत. तो पाटापुढे ठेवला.

"आये, बस," तो म्हणाला.

आयेने पाटाकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं. मग हळूच गुडघ्यावर हात टेकून बसली.

जितू तिच्यासमोर मांडी घालून बसला, गप्प. कुंदा गप्प. मी आणि मॅडमही गप्प, नियम आमचाच होता! नणंदेला काय चाललंय ते कळेना. "आये, ऊठ ना. कुंकू लाव." कुंदाने तिला बोटाने खूण केली, बोलायचं नाही.

बराच वेळ गेला. दारातून येणारं ऊन पिशवीवरून सरकून उंबऱ्यावर गेलं. आये तांब्यातलं पाणी प्यायली. मग हात लांब करून कोपऱ्यातलं सूप ओढलं आणि पाटावर बसल्या बसल्या जवळ्याची सुकी मासळी निवडायला घेतली. निवडता निवडता काहीतरी गुणगुणायलाही लागली. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम छताकडे बघत होत्या.

नणंद दाराबाहेर डोकावली, उन्हाचा अंदाज घेतला. "आये, गाडी जाईल गं माझी. अजून किती वेळ?"

आयेने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"तू निघ बाय," ती म्हणाली. "माझा राग अजून गेला नाय."